विजेचा झटका आणि मेंढीची पेशी

प्रश्न : मी फलटण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातला असून कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जनावरांच्या पेशींना विजेचा झटका देऊन त्यांत जनुके आणि प्रथिने घालतात, असे वर्गात ऐकले. झटक्याने पेशी मरत कशी नाही? आणि जनुक घालता येत असताना प्रथिन घालण्याचा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक

उत्तर : काही पेशी मरतातच. बाकीच्या वाचतात, कारण झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच असतो.

पेशीभोवतीचा पडदा सुमारे पाच नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचा हा पडदा विद्युतभार असलेल्या कणांना सहजी आत येऊ देत नाही. डीएनए हा तर ऋणभाराने भरलेला लांबच लांब रेणू. पेशी ज्या द्रावात आहेत त्यात दोन बाजूंना इलेक्ट्रोड ठेवून सेंटिमीटरला हजारभर व्होल्टचे क्षेत्र तयार केले, की त्या पडद्यावर एक-दीड व्होल्टचा ताण येतो. आकडा किरकोळ वाटेल. पण पाच नॅनोमीटरवर एक व्होल्ट म्हणजे मीटरला वीस कोटी व्होल्ट! या ताणाने पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. वीज थांबली, की पाण्यावरच्या तेलाच्या थरातून बोट काढल्यावर थर जसा पुन्हा सांधतो, तसा पडदा आपला आपण मिटतो. ताण फार वाढवला किंवा फार वेळ ठेवला, तर मात्र छिद्रे मिटत नाहीत आणि पेशी मरते. जर्मन शास्त्रज्ञ एबरहार्ड नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली या युक्तीने उंदराच्या पेशींत जनुक घालून दाखवले. तिलाच इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात.

आता जनावरांकडे वळू. उंदराचे फलित बीज सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक दिसते, त्यामुळे बारीक काचेच्या सुईने नेमक्या जागी टोचता येते. डुकराचे आणि गाईचे बीज आतल्या चरबीच्या थेंबांनी काळपट दिसते, त्यातले केंद्रक नजरेला पडत नाही. शिवाय सुईचे काम एकेका बीजाचे, कसबी हाताचे आणि महागड्या यंत्राचे. जपानमधल्या तोकुशिमा विद्यापीठाच्या गटाने 2016 मध्ये डुकराच्या बाबतीत ही अडचण विजेने सोडवली. प्रयोगशाळेत फलित केलेली बीजे काचपट्टीवरच्या दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या फटीत मांडायची. भोवतीच्या द्रावात कॅस-9 हे डीएनए कापणारे प्रथिन आणि त्याला कापायची जागा दाखवणारा आरएनए मिसळायचा. मग तीसेक व्होल्टचे, एकेक मिलिसेकंदाचे काही स्पंद द्यायचे. बीज धुऊन पुन्हा उबवणपेटीत ठेवले, की काम संपले. बीजाभोवतीचे जाड कवचही काढावे लागत नाही. सुईशिवाय, एका वेळी अनेक बीजे. या पद्धतीने त्यांनी मायोस्टॅटिन, म्हणजे स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे जनुक बिघडवलेली पिले जन्माला घातली.

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कॅस-9 बनवणारे जनुक आत पाठवले, तर पेशीला आधी त्याची आरएनए प्रत काढावी लागते, मग प्रथिन तयार होते. यात तास जातात आणि तोवर बीजाचे विभाजन होऊन बसते. मग काही पेशींत बदल, काहींत नाही, असे संमिश्र जनावर जन्मते. प्रथिन तयारच गेले, तर ते लगेच कामाला लागते आणि लवकरच पेशीत मोडून नाहीसे होते. संमिश्रपणा यानेही पूर्ण जात नाही, पण कमी होतो. उंदरात चूक झाली तर तीन आठवड्यांनी पुढची वीण मिळते. डुकरीण 114 दिवस घेते, गाय नऊ महिने.

त्याहून मोठे कारण म्हणजे, बाहेरून गेलेला डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये कुठेही अडकून बसू शकतो. अमेरिकेत ‘रिकॉम्बिनेटिक्स’ या कंपनीने बिनशिंगी दुधाळ गुरे तयार केली. शिंगे खुडण्याचा त्रास जनावराला होऊ नये, हा हेतू चांगलाच होता. या कामात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत नवे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूंच्या गोल डीएनएवर बसवून दिले होते. हवा तो बदल झाला. पण 2019 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी या गुरांचा जनुकसंच तपासला, तेव्हा ते प्लाझ्मिडही आत बसलेले सापडले, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणू-जनुकांसकट. आधीच्या तपासणीत ते सुटले होते. आत काय गेले आणि त्यातले काय मागे राहिले, हे संपूर्ण जनुकसंच वाचल्याशिवाय सांगू नये, असे मला ठामपणे वाटते. प्रथिनाला जनुकसंचात घर करता येत नाही. म्हणून तो खटाटोप.

झटक्याचा आणखी एक उपयोग आपल्याच देशात झाला. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने 2009 मध्ये म्हशीची क्लोन रेडके जन्माला घातली. पहिले फार जगले नाही, त्यानंतरची गरिमा जगली. त्या कामात बीजाचे कवच काढून, केंद्रक असलेला भाग सूक्ष्म पात्याने कापून टाकतात. उरलेल्या भागाला दात्या म्हशीची शरीरपेशी चिकटवतात आणि विजेच्या स्पंदाने दोघींचे पडदे एकमेकांत विलीन करतात. इथे वीज आत काही पाठवत नाही, दोन पेशींची एक करते. मोठ्या जनावरांत अनेक गट याच वाटेने जातात: पेशीत बदल आधी करा, नीट तपासा, मगच क्लोन करा. वेळ लागतो, पण संमिश्र जनावराची भीती उरत नाही.

जिवंत जनावराच्या स्नायूतही हे करता येते. डुकरिणीला वाढ-संप्रेरकाला चालना देणारे जनुक स्नायूत टोचून, त्याच जागी विजेचे स्पंद देण्याच्या उपचाराला ऑस्ट्रेलियात 2008 मध्ये परवानगी मिळाली. हा बदल त्या मादीपुरताच असतो, पिलांत उतरत नाही.

तुम्ही फलटणचे आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सुंदरबनच्या गारोळ मेंढीत एका जनुकातल्या एकाच अक्षराचा फरक आहे, त्यामुळे तिला जुळी होण्याचे प्रमाण वाढते. तुमच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो गुण दख्खनी मेंढीत संकराने आणला आणि ‘नारी सुवर्णा’ उभी केली. त्यासाठी मेंढ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या सांभाळाव्या लागल्या. एका अक्षराचा असा बदल तत्त्वतः बीजातच करता येतो, आणि मला विजेच्या वाटेचे मोल तिथे दिसते. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात डिसेंबर 2024 मध्ये मायोस्टॅटिन बदललेले कोकरू जन्मले, त्यामुळे मेंढीची गोष्ट आता लांबची राहिलेली नाही. मात्र नारी सुवर्णा मेंढी आज कळपात चरते आहे, तिची पारख मेंढपाळांनी केली आहे. नवी वाट त्या पारखीला उतरायची आहे.

शेवटी नियमांबद्दल. जनुकसंपादित वनस्पतींना, त्यांत परके जनुक उरले नसेल तर, केंद्र सरकारने मार्च 2022 मध्ये 1989 च्या जैवसुरक्षा नियमांतल्या काही तरतुदींतून सूट दिली. ती सूट जनावरांना लागू नाही.