मामा तलावातील मासे

पूर्व विदर्भातील भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. काही शतकांपूर्वी कोहळी समाजातील कुशल लोकांनी येथील उतारांवर मातीच्या पाळी घालून पावसाचे पाणी अडविले आणि त्यावर भात व ऊस पिकविला. पुढे हे तलाव गावोगावच्या मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारच्या ताब्यात गेले. 'माजी मालगुजारी तलाव' हे लांबलचक नाव मात्र लोकांच्या तोंडी आखूड होऊन 'मामा तलाव' असे झाले. मामाच्या घरी भाच्यांना काही उणे पडत नाही, हे मनात आणून लोकांनी ते नाव आनंदाने स्वीकारले असेल, तर नवल नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा तलाव म्हणजे भाताचे पाणी. तलावावर मासेमारी करून राहणाऱ्या ढीवर समाजाच्या दृष्टीने मात्र तलाव हेच शेत होय. या शेतातील पीक डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक. म्हणून ढीवराला पाणी वाचावे लागते. बुडबुडे कोठे उठतात, पाणवनस्पतीचे पान वाऱ्यावाचून का हलले, बगळा एकाच जागी का उभा आहे, यांवरून तो पाण्याखालच्या हालचालींचा अंदाज बांधतो.

तलावात दोन प्रकारचे मासे असतात. काही तेथेच जन्मतात, तर काहींना बाहेरून आणावे लागते. मरळ ही पहिल्या प्रकारातली. पावसाळ्यात काठाजवळच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला ती अंडी घालते आणि नरमादी दोघेही त्यांची राखण करतात. पिले बाहेर पडली, की तांबूस रंगाचा एक थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी हिंडू लागतो आणि त्याच्या खाली आईबाप सावधपणे पोहत असतात. जवळ येईल त्याच्यावर ते धावून जातात. याच कारणाने त्या दिवसांत मरळ पकडणे फार सोपे असते. गळ पुढे आला, की ती त्यावरही झडप घालते. परंतु राखणदार गेले, म्हणजे तो सारा थवा इतर माशांच्या तोंडी पडतो. त्या एका मरळीची किंमत मग तिच्या वजनावरून करता येत नाही.

मरळ, शिंगी आणि मांगूर या माशांच्या ठिकाणी आणखी एक गुण आहे. कल्ल्यांनी पाण्यातील प्राणवायू घेतात तो घेतातच, शिवाय पाण्यावर तोंड काढून हवाही घेतात. उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उरला, तरी ते बराच काळ तग धरतात. इतर माशांना हे साधत नाही. पाण्यातील वनस्पती दिवसा प्राणवायू देतात. रात्री मात्र त्या तो देत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे साठलेल्या पाण्यात पहाटेच्या वेळी प्राणवायू सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, ते खेळत नसतात; त्यांचा श्वास कोंडलेला असतो.

रोहू, कटला आणि मृगळ हे दुसऱ्या प्रकारचे मासे. हे मुळात नद्यांचे रहिवासी. पुराचे वाहते पाणी मिळाले, तरच ते अंडी घालतात. तलावाच्या स्थिर पाण्यात ते वाढतात, पण सहसा वंश वाढवीत नाहीत. अंड्यांची राखणही ते करीत नाहीत. निसर्गाने त्याची भरपाई संख्येने केली आहे; एकेक मादी लाखो अंडी देते. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या माशांची पिलेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत तयार होऊ लागले. आज हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

हे तीन मासे एका तलावात सुखाने नांदतात, कारण त्यांची ताटे निराळी असतात. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाचा गाळ चाळतो. त्यांना बाजारात भाव मिळतो. म्हणून तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्था दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, विकत आणून पाण्यात सोडतात. मरळीसारखे शिकारी मासे ती पिले खातात, म्हणून बीज सोडण्यापूर्वी त्यांना काढून टाकावे असाही सल्ला दिला जातो. हिशेबाच्या वहीत तो योग्य दिसतो. पण रोहूचे बीज पैसे देऊन आणावे लागते आणि मरळ तलाव स्वतः देतो. ज्या घरी बीजाला पैसे नाहीत, त्याला हा फरक चांगला कळतो.

मासे कमी होण्याचे दुसरे कारण काठावर उभे असते. त्याचे नाव बेशरम. गुलाबी फुलांचे हे झुडूप परदेशातून आले आणि ओलसर काठांवर दाट माजले. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. कितीही तोडले तरी ते पुन्हा उगवते, म्हणूनच लोकांनी त्याला हे नाव दिले. ज्या उथळ काठावर देशी मासे अंडी घालीत, पिले लपत, तीच जागा त्याने व्यापली. खाली गाळ साठला, पाण्यातील उपयोगी वनस्पती नाहीशा झाल्या. नुसती बोटुकली सोडून हे नुकसान भरून येत नाही.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही गावांच्या ढीवर स्त्रीपुरुषांनी हे ओळखले. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर त्यांनी बेशरम मुळासकट उपटली, उघड्या पडलेल्या तळाची नांगरट केली आणि दुसऱ्या तलावांतून पाणवनस्पती आणून लावल्या. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा राहतो, हे वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होते; ते ज्ञान येथे कामी आले. पाऊस पडून तलाव भरला, वनस्पती वाढल्या आणि देशी मासे पुन्हा जाळ्यात दिसू लागले.

शेतकऱ्यांशी बोलणी मात्र दरवर्षी करावी लागतात. भाताला पाणी हवे असते तेव्हा ते सोडलेच पाहिजे. पण तळाशी थोडे पाणी राहिले, तरच पुढच्या पावसात अंडी घालणारे मासे जगतात. ते किती राखावे, हे गावाने एकत्र बसून ठरवावे लागते. आणि बेशरमीच्या खोडाचा तुटका तुकडाही चिखलात रुजतो, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात कुदळी पुन्हा काठावर येतात.