पहिल्यांदा पुस्तकाचं ऐकायचं

अगं, तुझ्या स्वयंपाकघरातली ती पुस्तकांची फळी बघून मला फार बरं वाटलं. लग्नात मिळालेली ‘रुचिरा’, मंगला बर्व्यांची ‘अन्नपूर्णा’, शिवाय प्रदर्शनातून हौसेनं आणलेली दोन-चार. पण खरं सांग, त्यातून करतेस काय? चकली, ढोकळा, फार तर अनारसे. म्हणजे जे येतंच त्याचं प्रमाण तेवढं ताडून बघतेस. बाकीच्या पानांना अजून तेलाचा डाग लागलेला नाही. त्या पानांबद्दलच जरा बोलायचंय.

नवीन म्हणजे लगेच इटली किंवा थायलंड नको. आपल्याच मुलखात न चाखलेलं कितीतरी पडलंय. खानदेशातली शेवभाजी, विदर्भातला वडाभात, गोव्याकडचं खतखतं. यांचं बहुतेक सामान वाण्याकडे मिळतं. आणि चव अगदीच परकी नसल्यानं जमलं की नाही, हे जिभेला कळतं. पहिल्या वेळी हे कळणं फार महत्त्वाचं असतं.

पाककृती आदल्या रात्रीच शेवटपर्यंत वाचून ठेव. ‘भिजवलेली डाळ’ असे दोनच शब्द असतात, पण त्यात चार-पाच तास दडलेले असतात. मग मापाचं बघ. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप वापरलं, म्हणून नव्यानं स्वयंपाकाला लागलेल्या कितीजणींना धीर आला. फक्त एक वाटी कायमची ठरवून घे आणि सगळं तिनंच मोज. जुनं पुस्तक हाती आलं, समज लक्ष्मीबाई धुरंधरांचं १९१० सालचं ‘गृहिणी-मित्र’, तर लक्षात ठेव की तो काळ शेर-तोळ्यांचा होता. तोळा म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. शेर मात्र गावोगाव वेगळा असायचा, त्यामुळे तिथे आंधळेपणानं मोजू नकोस.

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा करताना पुस्तकात आहे तस्संच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही. हे मी कळकळीनं सांगतेय, कारण बहुतेकजणींचं इथेच बिनसतं.

खतखत्याचंच बघ. तूरडाळ मऊ शिजवायची. सुरण, रताळं, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, मुळा, मक्याच्या कणसाचे तुकडे अशा पाच-सहा भाज्या एकत्र शिजवायच्या. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या आणि हळद यांचं वाटण लावायचं. आंबटपणाला कोकम, वर गुळाचा खडा. सुरण चिरताना हाताला तेल लाव, नाहीतर खाजेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं तिरफळ. वाळलेलं तिरफळ उकललेलं असतं, आतली काळी बी काढून टाकायची आणि नुसती टरफलं घ्यायची. ती हलकीच ठेचून थोड्या पाण्यात टाकायची आणि ते पाणी टरफलांसकट शेवटच्या उकळीला घालायचं. वाटणात बारीक वाटायची नाहीत. जेवताना ती चावायची नसतात, बाजूला काढून ठेवायची. जीभ किंचित चुणचुणते, हीच त्याची खूण.

इथे आपला हात शिवशिवतो. डाळ दिसली की फोडणी द्यावीशी वाटते, कांदा-लसूण हवासा वाटतो, गोडा मसाल्याचा डबा तर समोरच असतो. पण खतखत्यात कांदा-लसूण नसतो आणि बहुतेक घरी फोडणीही नसते. ते सगळं घातलंस तर तुझी नेहमीचीच आमटी होईल, भाज्या तेवढ्या जास्त. एवढा खटाटोप करून तू त्या घरची चव चाखलीच नाहीस, असं होईल. एकदा तसंच कर, चव घे. मग पुढच्या वेळी गूळ कमी कर, मिरची वाढव, तुझा हक्कच आहे.

घरच्यांचंही सांगते. सणाच्या दिवशी किंवा पाहुणे जेवायला असताना नवा पदार्थ काढायचा नाही. शनिवारी संध्याकाळी, निम्म्या प्रमाणात कर, आणि शेजारी साधा वरणभात असू दे. मग कुणी उपाशी राहायचा प्रश्न नाही आणि तुलाही धाकधूक नाही. सासूबाई ‘आमच्यात असं करत नाहीत’ म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना आधीच चमच्यावर दे, मीठ-तिखट विचार. आयुष्यभर ज्या हातांनी रांधलं, त्यांना विचारलेलं आवडतं, आणि पुष्कळदा त्या नेमकं बोट ठेवतात.

झालं की पेन्सिलीनं त्याच पानाच्या समासात लिही: तारीख, किती जणांना पुरलं, पाणी किती लागलं, कुणी पुन्हा मागितलं. पुस्तक खराब होईल म्हणून जपू नकोस, ते वापरायलाच आहे. आणि नाही आवडलं तर तेही लिही. प्रत्येक पदार्थ आपल्या घरात रुळलाच पाहिजे असं थोडंच आहे!

तर या शनिवारी खतखतं कर. तिरफळं कोकणी सामानाच्या दुकानात मिळतील. नाही मिळाली तर त्याऐवजी मिरी घालून भागवू नकोस, मला फोन कर. माझ्याकडे बरणीभर आहेत, पाठवून देते.