यादी वर्षभराच्या वाचनाची

(पुस्तके वाचावीत हे सर्वांनाच पटते. पण कोणती वाचावीत, किती वाचावीत आणि ती पुरी कशी करावीत, याचा विचार फार थोडे जण करतात. वर्षाच्या सुरुवातीला आपल्या वाचनाची यादी कशी तयार करावी, हे या पाठात सांगितले आहे.)



जून महिन्यात शाळा सुरू होते. नवी पुस्तके येतात. वह्यांना कव्हरे घातली जातात. वर्गात वेळापत्रक लागते. कोणत्या महिन्यात कोणता धडा शिकवायचा, हे शिक्षक ठरवतात. पण पाठ्यपुस्तकाबाहेर वर्षभरात काय वाचायचे, हे मात्र तुम्हांलाच ठरवावे लागते.

तुम्ही म्हणाल, "आमचे माध्यम उर्दू. मराठीचे धडे वाचतो, प्रश्नोत्तरे लिहितो, गुणही मिळतात. मग आणखी पुस्तके कशासाठी?"

तुमचा प्रश्न रास्त आहे. वर्गात धडा शिकताना कठीण शब्दाचा अर्थ शिक्षक फळ्यावर लिहून देतात. शाळेबाहेर असे कोणी नसते. बँकेतला अर्ज, एस.टी. स्थानकावरची सूचना, नगरपालिकेचे पत्र, वर्तमानपत्रातील नोकरीची जाहिरात, हे सारे मराठीत असते. अनेक घरांत असे पत्र आले की वडीलधारी मंडळी ते मुलांच्याच हाती देतात आणि म्हणतात, "बेटा, जरा पढके सुनाओ." त्या वेळी पाठ केलेली उत्तरे कामाला येत नाहीत. न पाहिलेला मजकूर वाचण्याची सवय असेल, तरच ते पत्र समजते. ही सवय पाठ्यपुस्तकाबाहेरच्या वाचनाने लागते.

आता किती वाचावे ते पाहू. बरेच जण उत्साहाच्या भरात म्हणतात, "यंदा पन्नास पुस्तके वाचणार!" जुलैत पहिली चाचणी येते आणि संकल्प मागे पडतो. म्हणून पुस्तके मोजू नका, पाने मोजा. रोज फक्त 4 पाने वाचायची असे ठरवा. आठवड्यातून 5 दिवस वाचा, 2 दिवस सुट्टी घ्या. म्हणजे आठवड्याला 20 पाने झाली. वर्षाचे आठवडे 52. परीक्षा, रमजान, सणवार, पाहुणे, आजारपण यांसाठी त्यांतले 22 आठवडे सोडून देऊ. उरले 30. आठवड्याला 20 पाने याप्रमाणे 30 आठवड्यांत 600 पाने होतात. दीडशे पानांची चार पुस्तके झाली! मराठीत 'थेंबे थेंबे तळे साचे' अशी म्हण आहे. कतरा कतरा मिळून दर्या होतो, असे तुम्ही उर्दूत ऐकले असेलच. दोन्हींचा अर्थ एकच.

चार पुस्तके कोणती घ्यावीत? डॉ. एस. आर. रंगनाथन हे भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जातात. 1931 साली त्यांनी ग्रंथालयांसाठी पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याला हवे ते पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, असे त्यांचे सांगणे होते. मित्राला आवडलेले पुस्तक तुम्हांलाही आवडेल, असे नाही. म्हणून आपले पुस्तक आपणच पारखून घ्यावे.

ही पारख फार सोपी आहे. पुस्तकाचे मधले एखादे पान उघडा. ते मनातल्या मनात वाचा. जो शब्द अडेल त्याला एक बोट मिटा. पान संपेपर्यंत एक-दोन बोटे मिटली, तर पुस्तक तुमच्याजोगे आहे. तीन-चार मिटली, तर थोडे कष्ट पडतील, पण जमेल. पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवा. ते वाईट आहे असे नव्हे. त्याची वेळ अजून आलेली नाही.

आता वहीत चार ओळी आखा.

पहिल्या ओळीत सोपे पुस्तक लिहा. वाचनाची गाडी आधी रुळावर आली पाहिजे. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक 1971 सालापासून निघत आहे. त्यातील गोष्टी आणि लेख लहान असतात. एका बैठकीत एक गोष्ट पुरी होते. मासिकाचे दोन-तीन अंक वाचले, तरी ते एक पुस्तक समजा. भा. रा. भागवत यांच्या 'फास्टर फेणे'च्या साहसकथाही सुरुवातीला चांगल्या. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याला शाळेत शिकायला येतो आणि सतत काहीतरी भानगडीत सापडतो. पुढे काय झाले, हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेववत नाही.

दुसऱ्या ओळीत आपल्या आवडीच्या विषयावरचे पुस्तक लिहा. विज्ञान आवडत असेल, तर डॉ. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा घ्या. थोरांची चरित्रे आवडत असतील, तर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे 'अग्निपंख' घ्या. रामेश्वरमच्या एका साध्या कुटुंबातला हा मुलगा लहानपणी वर्तमानपत्रे वाटण्याच्या कामात मदत करत असे. पुढे तो शास्त्रज्ञ झाला आणि देशाचा राष्ट्रपतीही झाला. त्यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 सालापासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. ज्यांची माहिती आपण उर्दूत आधीच वाचलेली असते, त्यांच्यावरचे मराठी पुस्तक सोपे जाते. गोष्ट ओळखीची असली की भाषेची भीती राहत नाही.

तिसऱ्या ओळीत थोडे कठीण पुस्तक लिहा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात 42 रात्री आहेत. प्रत्येक रात्री श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो. पुस्तक मोठे आहे आणि भाषा थोडी जुनी आहे. पण प्रत्येक रात्र स्वतंत्र आहे. आठवड्याला दोन रात्री वाचल्या, तर 21 आठवड्यांत पुस्तक पुरे होते. गरीब घरातली आई मुलाला कशी घडवते, हे त्यात वाचायला मिळते. असे घर कोणत्याही गावात, कोणत्याही मोहल्ल्यात असू शकते. व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' हे पुस्तकही असेच सुटे सुटे वाचता येते. दुष्काळी भागातील साध्या माणसांची ती शब्दचित्रे आहेत. त्यातील बोली भाषा सुरुवातीला अडेल. मोठ्याने वाचून पाहा, म्हणजे कानाला अर्थ कळू लागेल.

चौथी ओळ रिकामी ठेवा. वर्षभरात कोणी मित्र एखाद्या पुस्तकाविषयी सांगेल, ग्रंथालयात एखादे पुस्तक नजरेत भरेल, ईदीच्या पैशांतून एखादे विकत घ्यावेसे वाटेल. त्याच्यासाठी जागा हवी. जिच्यात एकही जागा मोकळी नाही, ती यादी लवकर ओझे होते.

वाचताना शब्द अडतील. प्रत्येक शब्दासाठी शब्दकोश उघडू नका. गोष्टीचा धागा तुटतो. तोच शब्द तिसऱ्यांदा भेटला, तर मात्र अर्थ शोधा. तो शब्द पुन्हा पुन्हा लागणारा आहे. उर्दू शिकणाऱ्यांना इथे एक मोठा फायदा आहे. कागद, दुकान, दरवाजा, वकील, अर्ज, जमीन, पसंत हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आहेत. ते तुम्हांला घरचेच वाटतील. पण काही शब्दांचा अर्थ उर्दूत आणि मराठीत वेगळा आहे. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सारांश; मराठीत 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूत 'हैरान' म्हणजे चकित. मराठीत 'हैराण' म्हणजे त्रासलेला. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मराठीत 'खाली' म्हणजे तळाच्या बाजूला. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. वर्षअखेर तो तुमचा स्वतःचा लहानसा शब्दकोश होईल. आपल्या पाठाच्या नावातला 'यादी' हा शब्दसुद्धा 'याद'वरूनच आला आहे. जे लक्षात ठेवायचे, ते यादीत लिहायचे!

एखादे पुस्तक मनापासून वाचूनही रुचले नाही, तर काय करावे? वीस पाने वाचून पाहा. तरीही मन लागले नाही, तर ते परत करा आणि दुसरे घ्या. त्यात कमीपणा नाही. एका पुस्तकापाशी अडून राहून वाचन बंद पडणे, हे मात्र नुकसानीचे आहे. आठवडाभर वाचन झाले नाही, तरी राहिलेली पाने भरून काढण्याच्या मागे लागू नका. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चार पाने सुरू करा.

आणखी एक गोष्ट. मराठी वाचायची म्हणून उर्दू वाचन सोडू नका. तुम्ही विचार करायला उर्दूतच शिकला आहात. ज्याला आपल्या भाषेतील पुस्तकाची गोडी लागली, त्याला दुसऱ्या भाषेतही पुस्तक शोधावेसे वाटते. यादीत उर्दू पुस्तकांसाठीही शेजारी एक रकाना ठेवा.

तर मित्रांनो, आजच वही घ्या आणि यादी करा. पहिले पुस्तक याच आठवड्यात शाळेच्या ग्रंथालयातून आणा. ग्रंथालय लहान असेल, तर शिक्षकांना विचारा, गावातील सार्वजनिक वाचनालयात जा. चार पाने वाचायला फार तर अर्धा तास लागेल. वर्षाच्या शेवटी घरी एखादे मराठी पत्र आले आणि ते तुम्ही न अडखळता वाचून दाखवले, की या अर्ध्या तासाची किंमत तुम्हांला कळेल.

शब्दार्थ

रास्त – योग्य, बरोबर
संकल्प – मनाशी केलेला निश्चय
पारखणे – चांगले-वाईट तपासून पाहणे
भानगड – गुंतागुंतीचा प्रसंग
शब्दचित्र – शब्दांनी केलेले व्यक्तीचे वर्णन
रकाना – वहीच्या पानावरील उभा भाग

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'किशोर' मासिक कोणत्या सालापासून निघत आहे?
(आ) 'श्यामची आई' या पुस्तकात किती रात्री आहेत?
(इ) 'वाचन प्रेरणा दिन' केव्हा साजरा होतो?

प्र. 2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पुस्तके न मोजता पाने मोजावीत, असे लेखक का म्हणतात?
(आ) यादीतील चौथी ओळ रिकामी का ठेवावी?
(इ) पुस्तक आपल्याजोगे आहे की नाही, हे कसे ओळखावे?

प्र. 3. उर्दू आणि मराठीत वेगळा अर्थ असलेले पाठातील तीन शब्द लिहा. प्रत्येकाचा मराठी अर्थाने वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : आपली वर्षभराची वाचनयादी तयार करा आणि वर्गात लावा. दर महिन्याच्या शेवटी वाचलेल्या पानांची संख्या तिच्यासमोर लिहा.