थंडीत कोंबड्या कशा सांभाळाव्या?

मौदा गाव कन्हान नदीच्या काठी आहे. पौषात नदीवरचा वारा अंगाला झोंबतो. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपूरचे तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. शून्य अंशाला पाण्याचे बर्फ होते. म्हणजे थंडी किती होती पहा! अशा रात्री आपण गोधडी घेतो. मग कोंबड्यांचे काय?

कोंबडीची गोधडी तिच्या अंगावरच असते. ती पिसे फुलवते. पिसांत हवा अडकते आणि ऊब टिकते. पण पिसे भिजली की ऊब गेली! तुऱ्याला तर पिसेच नाहीत. लडाखसारख्या बर्फाच्या मुलखात कोंबड्यांचे तुरे गोठून काळे पडू शकतात. आपल्याकडे तेवढी थंडी नसते. आपल्या कोंबड्यांचे वैरी दोन: ओल आणि वारा.

म्हणून खुराडे कोरडे ठेवू या. खाली चार बोटे धानाची तणस पसरू या. ओली झालेली तणस रोज काढू या. वाऱ्याच्या बाजूला पोते बांधू या. पण सगळ्या फटी बुजवायच्या नाहीत. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आत कोंडली, तर तिचीच ओल होते. वर छपराजवळ थोडी फट हवीच. मात्र तिच्यातून मांजर, मुंगूस शिरता कामा नये.

बंद खुराड्यात निखाऱ्याची शेगडी ठेवू नका. तिच्यातून विषारी वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण जीव घेतो. शिवाय तणस पेटली, तर घरही जाईल.

पिलांना जास्त जपावे लागते. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. आईच्या पंखाखाली ती मिळते. आई नसेल, तर पिले थंडीने एकमेकांवर चढतात. खालची गुदमरून मरतात. सकाळी आपण म्हणतो, "मानमोडी आली." पण दर वेळी तो रोग नसतो, बरे का!

अशा पिलांवर विजेचा दिवा टांगावा. पिले दिव्याखाली दाटली, तर ऊब कमी आहे. दिवा खाली घ्या. दूर पळाली, तर ऊब जास्त आहे. दिवा वर घ्या. सगळीकडे पसरली, तर ऊब बरोबर आहे. पिलेच आपल्याला सांगतात. आपण पाहायला हवे.

कोंबड्या-अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती येतो. त्यातून मीठ-मिरची येते, मुलांच्या वह्या येतात. चार पिले वाचली, तर तेवढाच घराला हातभार लागतो. त्याला खर्च किती? एक पोते आणि घरचीच तणस.

प्रश्न : १. खुराड्याच्या सगळ्या फटी का बुजवू नयेत? २. पिलांना ऊब कमी पडते, हे कसे ओळखाल?