घड्याळ लावून पाहा विमानांच्या कसरती

विमानांच्या कसरती पाहायला जाताना पुष्कळजण कॅमेरा घेऊन जातात. तुम्ही सेकंदकाटा असलेले घड्याळही न्या.

१२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत मुंबईला मरीन ड्राइव्हसमोर, समुद्रावर, भारतीय हवाई दलाने अशा कसरती करून दाखविल्या. नऊ हॉक विमानांचा 'सूर्यकिरण' चमू हे त्यांतले मोठे आकर्षण. समजा, छत्रपती संभाजीनगरहून रात्रीच्या गाडीने तुम्ही तेथे पोहोचला आहात. काय काय पाहाल?

आवाज मागे का?

विमान डोक्यावर दिसते, पण आवाज मात्र मागून येतो. प्रकाश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. विमानाने धूर सोडताना घड्याळ पाहिले आणि त्या क्षणाचा आवाज ४ सेकंदांनी आला, तर विमान तेव्हा सुमारे १,४०० मीटर दूर होते. ताशी ५४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५० मीटर वेगाने तेवढ्या वेळात ते ६०० मीटर पुढे गेलेले असते. म्हणून आवाजाच्या दिशेने पाहिले, तर विमान सापडत नाही.

या चमूतील विमाने कधीकधी एकमेकांपासून अवघ्या ५ मीटरांवर उडतात. जमिनीच्या सापेक्ष त्यांचा वेग प्रचंड असला, तरी एकमेकांच्या सापेक्ष तो जवळजवळ शून्य असतो. तो शून्य राखणे हेच वैमानिकाचे कौशल्य!

वळताना वजन दुप्पट

वळताना विमान एका अंगावर कलते. पंखांचे उत्थापक बल आता तिरपे होते. त्याचा उभा घटक वजन पेलतो आणि आडवा घटक विमानाला वळवितो. विमान ६० अंश कलले आणि तरीही त्याच उंचीवर राहिले, तर उभा घटक एकूण बलाच्या निम्मा उरतो. वजन पेलायचे, तर एकूण बल वजनाच्या दुप्पट हवे. ६० किलोग्रॅमच्या वैमानिकाला आपण १२० किलोग्रॅमचे झालो असे वाटते. रक्त पायांकडे ओढले जाते. पोट व पायांचे स्नायू आवळून आणि दाब देणारा खास पोशाख घालून तो शुद्ध राखतो.

आपल्या गावची धावपट्टी

आता घरी परत या. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंच आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर जातो. उंचीमुळे हवेचा दाब कमी आणि उष्णतेमुळे हवा प्रसरण पावलेली. हिशेब केला, तर तेथील हवा २५ अंशांच्या मुंबईतील हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ भरते. विरळ हवेत तेवढेच उत्थापक बल मिळवायचे, तर वेग सुमारे ६ टक्के अधिक हवा. धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ते निदान १२ टक्क्यांनी लांबते. शिवाय विरळ हवेत इंजिनाचा रेटाही घटतो.

धावपट्टीच्या टोकाशी किती थोडे अंतर हाती उरते, हे या गावाने पाहिले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ येथून निघाले. ते उशिरा उचलले गेले आणि धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ दगावले. चौकशीत दोन कारणे नोंदली गेली: वैमानिकांची उड्डाणातील चूक आणि विमानांच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक न रोखणे. कारणांत उन्हाचे नाव नाही. पण उन्हाळ्यात आकडेमोड अधिक काटेकोर का लागते, हे तुमच्या ध्यानी आले असेल.

करून पाहा

१. विमानतळाच्या कुंपणापासून दूर, घराच्या गच्चीवरून आवाजाचा विलंब मोजा. ३ सेकंद आले, तर अंतर किती?

२. विमान ४५ अंश कलून त्याच उंचीवर वळत असेल, तर उत्थापक बल वजनाच्या किती पट?

(उत्तरे: १. सुमारे १,०३५ मीटर. २. सुमारे १.४१ पट.)