तरुण रुग्णांतील तंबाखूसेवन : प्रश्न कोणता विचारावा?

रुग्णपरीक्षणात ‘धूम्रपान करता का?’ एवढेच विचारल्यास तरुण पुरुषाचे व्यसन पुष्कळदा उघड होते. तरुण स्त्रीचे मात्र लपून राहते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १५ वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी १९ टक्के, तर स्त्रियांपैकी अवघ्या २ टक्के धूम्रपान करणाऱ्या आढळल्या. धूररहित तंबाखूचे प्रमाण मात्र अनुक्रमे २९.६ व १२.८ टक्के होते. म्हणजेच तंबाखू सेवन करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया वरील प्रश्नास प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देतील.

महाराष्ट्रात याचे परिचित रूप म्हणजे मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने घरातच हाती येते व पुढे दिवसातून अनेकदा लावली जाते. वापरणारीच्या लेखी ते व्यसन नसून दंतमंजन असते. वस्तुतः दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे. औषधालयचालकांनी हे ग्राहकांस आवर्जून सांगावे.

गर्भिणीने मिश्री लावल्यासही निकोटीन गर्भापर्यंत पोहोचते आणि बालकाचे जन्मवजन घटण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ हे प्रश्न प्रत्येक तरुणीस, शक्यतो सासरच्या मंडळींच्या अनुपस्थितीत, विचारावेत. लोकलज्जेस्तव सिगारेट लपविणारी तरुणीही एकांतातच बोलते.

व्यसन सोडविताना चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील (अध्याय ७) पादांशिक क्रम मार्गदर्शक ठरतो. मात्र गर्भिणीस तंबाखू तत्काळ व पूर्णतः सोडण्याचाच सल्ला द्यावा.