डिकन्स : चरित्र आणि साहित्य

लेखकाचे चरित्र त्याच्या साहित्याच्या अभ्यासात कितपत उपयोगी पडते, हा समीक्षेतील जुना प्रश्न आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या उदाहरणाने आपण त्याचा विचार करू.

१८२४ साली कर्जापायी डिकन्स यांच्या वडिलांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले. १२ वर्षांचा चार्ल्स तेव्हा बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबले चिकटवीत होता. ही गोष्ट त्यांनी हयातभर वाचकांपासून लपविली. १८७० साली ते निवर्तले. त्यानंतर मित्र जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून ती जगाला कळली.

साहजिकच 'डेव्हिड कॉपरफील्ड' ही कादंबरी म्हणजे आत्मचरित्रच, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आपण आवरला पाहिजे. कादंबरीत डेव्हिडला कामाला धाडतो तो निर्दय सावत्र बाप. प्रत्यक्षात धाडले ते जन्मदात्यांनी. कर्जबाजारी पित्याचे रूप मात्र मिकॉबर या विनोदी, लोभस पात्रात उतरले. एकाच पित्याविषयीचा रोष आणि माया लेखकाने अशी दोन पात्रांत वाटून दिली. लेखकाने काय सोसले, एवढेच चरित्रातून कळते. त्या सोसण्याचे त्याने काय केले, हे पाहण्यासाठी कादंबरीच वाचावी लागते.

वसतिगृहात शिकणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी घरची गरिबी अशीच मनात दडविली असेल. त्यांनी हा अभ्यास अवश्य करावा. ज्या अनुभवाची डिकन्स यांना लाज वाटली, त्याच अनुभवावर त्यांची ही श्रेष्ठ कादंबरी उभी आहे.